पाचांचा पंच, दोन पळ्या

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला की माझ्या माहेरच्या मैत्रिणींचे फोन सुरू होतात. आधी केकची चौकशी होते, मग मुलांच्या परीक्षांची, आणि मग आवाज एकदम खाली येतो. "अगं, ते तुमच्याकडे रममध्ये फळं घालून काहीतरी करतात ना, ते कसं करायचं गं? यंदा थर्टी फर्स्टला घरीच करू म्हणतोय." आवाज खाली का येतो ते मला कळतं. पलीकडच्या खोलीत सासूबाई असतात. आणि गंमत अशी, की मला हा प्रकार माझ्या सासूबाईंनीच शिकवला!

माझं माहेर कोल्हापूरकडचं आणि सासर वसईतल्या भुईगावचं, ख्रिस्ती घरातलं. "तुमच्याकडे" या शब्दाचा मला पूर्वी राग यायचा. हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं ख्रिस्ती घर म्हटलं की टेबलावर बाटली आणि झुलणारा बाप एवढंच दाखवलं. प्रत्यक्षात भुईगावात मी पहिल्यांदा आले तेव्हा दिसल्या त्या केळीच्या वाड्या, विहिरी, आणि पहाटे उठून भाजी-फुलं बाजाराला पाठवणाऱ्या बायका. ज्यांच्याकडे थेंबही चालत नाही अशीही घरं आहेतच की गावात. असो. राग आता येत नाही, कारण विचारणाऱ्या माझ्याच असतात.

खरं सांगायचं तर रमचं आणि माझं नातं सासरच्या आधीचं, माहेरचं! ऊसपट्ट्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा तो गोड-आंबूस वास कसा अंगावर येतो. साखर काढून झाल्यावर उरते ती मळी, आणि ती आंबवून, गाळून, लाकडी पिंपात मुरवली की रम. पण आमच्या गावात बाटली कधी घरात दिसली नाही. ती दिसायची बांधावर, गुत्त्यात, आणि मग संध्याकाळी एखाद्या बाईच्या सुजलेल्या गालावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, दुकानं बंद पाडली, ती काही हौसेनं नाही. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासूबाईंना ओट्याशी उभं राहून रम मोजताना पाहिलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्या चहाच्या छोट्या कपानं मोजत होत्या, मेथीदाणे मोजावेत तशा. एक कप, दोन कप, तीन कप. बाटलीचं बूच लावलं, बाटली कपाटात, किल्ली कमरेला. म्हणाल्या, "पुरुषांच्या हातात बाटली दिली तर ते ओततात. आपण मोजायचं."

त्या मोजण्यानंच मला हे पेय आवडायला लागलं, चव नंतर कळली.

या पेयाला आमच्या घरात 'पंच' म्हणतात. शब्द इंग्रजी वाटतो ना? पण तो आपलाच असावा असं म्हणतात. पंच म्हणजे पाच: दारू, गोड, आंबट, पाणी आणि मसाला. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही, पण जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात या भागात फिरत होता, त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय, की गोव्याच्या बाजूला उत्तम अर्क मिळतो, त्यात पाच जिन्नस घालून या किनाऱ्यावरचे इंग्रज पंच करतात आणि हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच. वर हेही लिहिलंय, की हे पेय अंगातली ताकद शोषून घेतं! डॉक्टरच तो. त्याचं पुस्तक छापलं गेलं १६९८मध्ये. म्हणजे पंच आधी आपल्या किनाऱ्यावरच्या अर्काचा होता, जहाजातून तो पश्चिमेकडे गेला आणि वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत त्यात रम आली. आज हॉटेलात छोटी कागदी छत्री खोचून जो 'फ्रूट पंच' देतात, त्याचं आजोळ हे असं आहे. त्याच्या नात्यातलं एक पेय आपल्याकडे अजून आहे. मुंबईच्या गावठाणांत, उत्तन-गोराईकडे ईस्ट इंडियन लोकांच्या लग्नाकार्यात 'खिमाड' करतात: दारूत पाणी, साखर, दालचिनी, वेलची, गवती चहा घालून गरम केलेलं. सासूबाईंच्या पंचात गवती चहा आला तो बहुधा त्या वाटेनंच.

आता कृती सांगते. कागद-पेन घ्या, कारण हिच्यात 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. दहा ग्लासांचं माप आहे, ग्लास साधारण १८० मिलीचा.

आदल्या रात्री आठ लिंबं धुऊन, पुसून त्यांची फक्त पिवळी साल सोलाण्यानं पातळ काढायची. पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. ही साल दोन मोठे चमचे साखरेत बोटांनी चांगली चोळून झाकून ठेवायची. सकाळी पाहाल तर साखरेला पाझर सुटलेला असतो आणि वास असा, की घरात लिंबाचं झाड आहे असं वाटावं. नुसत्या रसानं हे होत नाही, वास सगळा सालीतल्या तेलात असतो. सोललेली लिंबं मात्र फ्रिजमध्ये ठेवा, रस दुसऱ्या दिवशी काढा. १०० मिली भरायला हवा, लिंबं बारीक असतील तर एक-दोन जास्त घ्या.

गोडाला सासूबाई साखरेचा पाक करायच्या. मी गूळ आणला, माहेरचा! रम मळीची, गूळ उसाचा, दोघं चुलत भावंडं, ती एकमेकांत मिसळतात तशी साखर मिसळत नाही. पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, विरघळला की गाळून घ्यायचा, कारण गुळात बारीक कचरा असतो. पाक करायचा नाही, तार-बीर बघायची नाही. ही वाटीभर गुळवणी गार करून ठेवायची.

मसाला म्हणजे अर्धा लिटर पाण्यात गवती चहाच्या सहा-सात पाती गाठ मारून, बोटभर दालचिनी, ठेचलेलं आलं पेरभर. पाच मिनिटं उकळायचं, झाकून गार करायचं, गाळायचं. जायफळ यात उकळायचं नाही, ते शेवटी वरून किसायचं, अगदी चिमूटभर. जायफळ जास्त झालं तर औषधासारखं लागतं.

फळांमध्ये डिसेंबरात नागपुरी संत्र्यांना तोड नाही. दहा-बारा संत्री हातानं पिळून ६०० मिली रस. ज्यूसरमध्ये फोडी टाकल्या तर बिया भरडल्या जातात आणि कडवटपणा उतरतो. एक मध्यम अननस: अर्ध्याचा रस, तो ३०० मिली भरावा, कमी पडला तर संत्र्यानं भर घाला. उरलेल्या अर्ध्याच्या बोराएवढ्या फोडी. घोलवडचे चिकू मिळाले तर दोन चिकूंच्या फोडी अगदी ऐनवेळी, कारण चिकू पाण्यात लोळ होतो. रमला चिकू फार छान जातो, दोघांनाही तो भाजक्या साखरेसारखा वास. केळं मात्र घालू नका. वसईत राहून असं लिहायला मला जड जातंय, पण केळं काळं पडतं आणि सगळा रंग बिघडवतं. त्याची व्यवस्था वेगळी आहे, ती शेवटी सांगते.

मोजणारी एखादी म्हणेल, दारू, गूळ, लिंबू, पाणी, मसाला हे पाच झाले, मग फळं कुठली? फळं सहावी. वसईत ती नसतील तर पाहुणे विचारतील, वाडी विकली काय?

आता रम. काळी रम, कुठलीही. ओल्ड मंक १९५४पासून आहे आणि आमच्याकडे तीच येते, पण तिच्याशिवाय पंच होत नाही असं काही नाही. दहा ग्लासांना ३०० मिली. मोजून. लिंबाच्या सालीची साखर, लिंबूरस, गुळवणी आधी एकत्र करा, साखर विरघळली की साल काढून टाका, मग काढा, मग फळांचे रस, आणि रम सगळ्यात शेवटी. वेस्ट इंडीजमधलं जुनं प्रमाण आंबट एक, गोड दोन, कडक तीन आणि पातळ चार असं आहे. ते आपल्याला फार गोड आणि फार कडक होतं. माझ्या मापात कडक तीन तर पातळ चौदा! फळांचा रस मी पातळातच धरते. बर्फ भांड्यात टाकू नका, ग्लासात टाका. भांड्यात टाकला की तासाभरात पाणचट होतं आणि मग कुणीतरी 'चव गेली' म्हणत वरून बाटली ओततो.

इथे जरा थांबून हिशेब करू या. ३०० मिली रम दहा ग्लासांत, म्हणजे ग्लासाला ३० मिली, ज्याला 'छोटा पेग' म्हणतात तो. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका ग्लासात जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. अख्ख्या भांड्याचा विचार केला तर सात टक्क्यांच्या आसपास, स्ट्राँग बिअरच्या तोडीचं. पण बिअर कडू लागते, घोट घोट घेतली जाते. हे लागतं सरबतासारखं. गोड, आंबट आणि गार या तिघांनी मिळून दारूचा जळजळाट झाकून टाकलेला असतो. तहान लागलेली बाई दोन ग्लास पंधरा मिनिटांत संपवते आणि तिला काहीच कळत नाही, अर्धा तास झाला की कळतं. आपल्या शरीरात पुरुषांपेक्षा पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूची रक्तातली मात्रा आपल्यात जास्त चढते. एका ग्लासाचा निचरा करायला यकृताला साधारण तास लागतो, कित्येकींना त्याहून जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यानं तो तास कमी होत नाही. सोडा किंवा कोल्ड्रिंक घातलं तर ती आणखी लवकर चढते, म्हणून माझ्या कृतीत बुडबुडे नाहीत. आणि पोटात आधी काहीतरी असू द्या. आमच्याकडे आधी जेवणाची ताटं, मग पंच. मुंबईकडच्या पाहुण्यांना हा क्रम उलटा वाटतो, वाटू दे.

थोडीशी घेतली तर तब्येतीला बरी, असं आपण ऐकत आलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. तेव्हा औषध म्हणून कुणी घेऊ नये. गर्भवतीनं तर नाहीच. झोपेच्या, मधुमेहाच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर नाही. आणि कायदाही माहीत असू दे: महाराष्ट्रात रमसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, शिवाय परवाना लागतो. घरात आणून मिसळणं वेगळं, घरी आंबवणं-गाळणं वेगळं. ते परवान्याशिवाय गुन्हा आहे, 'आजीची वाइन' असली तरी.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीनं का सांगतेय? कारण आमच्या टेबलावर दोन भांडी असतात.

माझे मोठे दीर प्यायचे. किती आणि कसे, ते इथे लिहिणार नाही, जाऊबाईंचं ते खासगी आहे. एवढंच सांगते, की एका नाताळात गोठ्याच्या दिव्यांची माळ पेटवायला घरात माणूस नव्हता, सगळे दवाखान्यात होते. पुढे ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जायला लागले. अकरा वर्षं झाली, थेंब नाही. त्यांच्या बाबतीत 'एका ग्लासानं काय होतंय' याचं उत्तर आहे: सगळं होतं. ज्याला हा आजार आहे त्याचा पहिलाच ग्लास शेवटचा राहत नाही.

पहिल्या वर्षी मी म्हटलं, आता घरात पंच नकोच. जाऊबाई म्हणाल्या, "तसं नको गं. ह्यांनाच आवडणार नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा सण बंद झाला, असं त्यांच्या डोक्यात बसलं तर ते नाताळाला यायचेच बंद होतील." मी दिरांना विचारलं. तेही तेच म्हणाले. तरी मी ठरवलंय, ज्या दिवशी ते नको म्हणतील त्या दिवशी भांडं माळ्यावर. तोवर पद्धत ठरलेली आहे. बिनरमचं भांडं आधी भरायचं. त्यात काटकसर नाही: तोच गूळ, तीच लिंबाची साल, तोच काढा, रमच्या जागी कोकमाचं आगळ अर्धी वाटी आणि गुळाचं पाणी थोडं जास्त. आगळात मीठ असेल तर लिंबू जरा जपून. ते लालसर दिसतं, रमवालं तपकिरी दिसतं, म्हणजे लांबूनसुद्धा चूक होऊ नये. भांडी वेगळी, टेबलं वेगळी, आणि पळ्या वेगळ्या. रमच्या पळीला मी लाल दोरा बांधते. दरवर्षी, अगदी दरवर्षी, मिस्सेहून आल्यावर जाऊबाई पदर खोचत आत येतात आणि हळूच विचारतात, "पळी वेगळी आहे ना गं?" मी दोरा दाखवते. मग त्या बाहेर जाऊन बसतात.

आणि आता लाल भांडं आधी संपतं! पोरं पितात, गाडी चालवत नालासोपाऱ्याला परत जाणारे भाचे पितात, 'आज नको' म्हणणाऱ्या बायका काही न सांगता पितात. कुणाच्या हातात काय आहे हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांच्या हातात ग्लास असतो. पूर्वी जो घेत नाही त्याच्या मागे लागायची रीत होती. एक पाहुणे तर "अरे घे रे, मर्द आहेस ना" म्हणून दिरांच्या हातात ग्लास कोंबायला निघाले होते. सासूबाईंनी तो ग्लास मधल्यामध्ये काढून घेतला आणि मोरीत ओतला. पाहुण्यांना म्हणाल्या, "तुमचं झालं. आता जेवा." वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ते पाहुणे पुढच्या वर्षी आले आणि त्यांनी लाल भांड्यातलं घेतलं, ही गोष्ट वेगळी.

गाड्यांचं म्हणाल तर, कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. एखाद्या बारीक अंगाच्या माणसाला एका ग्लासातच ती ओलांडता येते. मी हिशेब करायला बसत नाही. ज्याच्या खिशात किल्ली त्याला लाल भांडं.

एक गोष्ट बऱ्याच जणी विसरतात. भांड्याच्या तळाशी राहिलेल्या फोडी! पाहुणे गेल्यावर लहान मुलं तिथे घुटमळतात, कारण अननसाच्या त्या फोडी गोडमिट्ट असतात. तासन्‌तास रममध्ये पडून त्यांनी आपला वाटा शोषलेला असतो. लहान मुलाला तेवढीही सोसत नाही. म्हणून मी फोडी रमच्या भांड्यात टाकतच नाही, वेगळ्या वाडग्यात ठेवून ग्लासात वरून घालते. भांडं ज्या रात्रीचं त्या रात्री धुवायचं, सकाळवर ठेवायचं नाही. उरलेला पंच फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रिजमध्ये, मग अननस आंबायला लागतो.

आता केळ्याचं. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून आमच्याकडे सुकेळी करतात, आगाशीची तर नावाजलेली. ती चार-पाच सुकेळी बारीक कापून बरणीत घाला, बेदाणे आणि संत्र्याची किसलेली साल घाला, वर बुडेल एवढी रम. पंधरा दिवसांनी केकमध्ये. रम न घातलेल्या केकाची आणि याची तुलनाच नको. बरणीवर मात्र मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा आणि ती वरच्या फळीवर ठेवा. भाजताना रम सगळी उडून जाते, हा समज खरा नाही, काही अंश उरतोच. म्हणून एक छोटा केक संत्र्याच्या रसात भिजवलेल्या सुकेळ्यांचा करते, त्या रात्रभर भिजल्या तरी पुरतात. तो आधी भाजायचा, म्हणजे भांडंही वेगळं धुवावं लागत नाही.